माठाखालची बाटली

धक्का अजून ओसरलेला नाही. म्हणून आधी सरांच्या गमती सांगते. मुद्द्यावर येईन, पण जरा दम खाऊन येईन.

नवापूरच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. म्हणजे टेबलं पुसणं, बाटल्या धुणं, मुलांनी फोडलेल्या काचा उचलणं आणि वर मुलांवर ओरडणं. सर विभागप्रमुख होते. विभाग तरी केवढा, ते आणि मी. तिसरा माणूस दर वर्षी नवा यायचा आणि सरांना कंटाळून जायचा. सर तापीकाठच्या गावचे, बागायतदार घरातले. घरी केळी, कापूस, भावांचे ट्रॅक्टर, आणि हे महाशय शर्टाच्या खिशात काचेच्या बाटल्या घालून डबक्याडबक्याने हिंडणार. वर्गात शुद्ध मराठी बोलायचे, वर्गाबाहेर पाऊल टाकलं की अहिराणी. आमच्या घरची बोली वेगळी, पण त्यांच्यामुळे मलाही अहिराणी कळायला लागली.

त्यांचं सगळं वेड डायाटमचं. डायाटम म्हणजे पाण्यातलं शेवाळच, पण डोळ्यांना न दिसणारं, आणि प्रत्येक जीव काचेच्या डबीत राहणारा. डबी आणि वर घट्ट बसणारं झाकण. त्यावर जी नक्षी असते ना, ती पाहिलीत तर कुणा सोनाराच्या हातून होणार नाही असं वाटेल. जीव मरतो, काचेची डबी उरते आणि तळ्याच्या बुडाशी जाऊन बसते. सर म्हणायचे, बुडाचा गाळ वाचता आला की ते तळं हजारो वर्षांपूर्वी थंड होतं की ऊन, गोडं होतं की खारं, सगळं कळतं. मला आधी ही थाप वाटायची.

आणि त्यांचं ते एक वाक्य. "खाले बसू दे." गाळाचं पाणी ढवळून ठेवलं की ते आपोआप निवळेपर्यंत टेबलाला हात लावायची सोय नव्हती. चहासुद्धा न गाळता घ्यायचे आणि पूड तळाशी बसेपर्यंत कपाकडे बघत राहायचे. एकदा स्टाफरूममध्ये सुट्ट्यांवरून दोघा प्राध्यापकांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. सरांनी मातीच्या पाण्याचा मोठा चंबू आणून दोघांच्या मधे ठेवला आणि म्हणाले, हे निवळल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. प्राचार्य आले, त्यांनाही बसवलं. पुढची घंटा झाली, तास बुडाले, पाणी निवळलं, तोवर भांडणाचा विषयच दोघं विसरले होते. प्राचार्य मात्र विसरले नाहीत, त्यांनी सरांना लेखी समज दिली.

इथे महामार्गाला लागून पोल्ट्र्या आहेत, तुम्ही गाडीतून जाताना नाकाला कळलंच असेल. कोंबड्यांना उवा होऊ नयेत म्हणून तिथे एक पांढरी भुकटी टाकतात. एका पोल्ट्रीवाल्याकडून सरांनी ती चिमूटभर आणली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि दुपारची जेवणाची सुट्टी गेली तरी उठेनात. मग तडक त्या पोल्ट्रीत गेले आणि त्या बिचाऱ्याला म्हणाले, अरे, कुठल्या तरी मेलेल्या तळ्याचं अख्खं बूड तू कोंबड्यांच्या अंगावर टाकतोयस, ठाऊक आहे का तुला. तो घाबरला. त्याला वाटलं सरकारी तपासणी आली.

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीची गंमत तर मी स्वतः पाहिली. सगळं जग राजवाडी होळीचे नाच पाहायला डोंगर चढून येतं, आणि सर खाली ओढ्यात उकिडवे बसून चमच्याने दगडावरचं शेवाळ खरवडत होते. गावातल्या चार जणांनी त्यांना घेरलं. धरणाच्या पाहणीला असेच लोक येऊन गेले होते, चमचा आणि बाटल्या घेऊन, आणि मागून खालची गावं पाण्यात गेली. सर कितीही सांगोत, कोण ऐकतो. शेवटी एक शाळकरी पोरगी पुढे आली आणि म्हणाली, मला दाखवा तुम्ही काय बघता ते. सरांनी खिशातलं भिंग दिलं. पुढे ती पोरगी आमच्याच कॉलेजात शिकली, सरांच्या हाताखाली. मग पुण्याला, मग परदेशात, आणि एक दिवस पार उत्तरेला, जिथे महिनोन्महिने सूर्य उगवत नाही, तिथल्या बर्फातल्या तळ्यांचा गाळ काढायला. सरांनी ही बातमी मला तीन वेळा सांगितली.

दोन सवयी राहिल्या. नीट लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिली चिठ्ठीची. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर तीन ओळींची चिठ्ठी हवी म्हणजे हवीच. ठिकाण, तारीख, आणणाऱ्याचं नाव. एकदा मी आमच्या गावच्या जांभूळडोहातून त्यांच्यासाठी पाणी आणलं, तर त्यांनी चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी म्हटलं, सर, पाणीच तर आणलंय. ते म्हणाले, ज्याने वाकून भरलं त्याचं नाव. तोवर माझं नाव फक्त हजेरीपटावर होतं, तेही पेन्सिलीने, कारण मी तेव्हा हंगामी होते.

दुसरी सवय सोमवारची. दर सोमवारी सकाळी सर आले की माझ्या टेबलापाशी थांबायचे आणि विचारायचे, "काही सांगानं शे का?" म्हणजे, काही सांगायचं आहे का. मी म्हणायची, "काही नाही, सर." मान डोलावून पुढे जायचे. रिटायर झाल्यावरही दर सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने यायचे, पोस्टात काम आहे म्हणून. कसलं काम, देव जाणे. प्रयोगशाळेच्या दारात उभं राहायचं, तेच विचारायचं, तेच उत्तर ऐकायचं, माठातलं पाणी प्यायचं आणि परतीची गाडी. मुलं नक्कल करायची त्यांची. मीसुद्धा हसायची.

आता मुद्द्याचं.

माझी आई चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात भांडी-बाटल्या उकळायच्या कामाला होती. आम्हा बहिणींना तिने एकच शिकवलं. काचेला डाग दिसला की धुवायचं, विचारत बसायचं नाही. आणि आमच्याकडे नाताळाच्या आधी घरदार असं साफ करतात की चुलीमागची भिंतसुद्धा नव्याने सारवतात. मी ती झाडझूड प्रयोगशाळेतही करायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. हात स्वस्थ बसत नसत.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. भाताच्या झोडणीला मी आठ दिवस रजेवर होते. परत आले तो डिसेंबर लागलेला, सर परीक्षेच्या कामाला नंदुरबारला गेलेले. बरं झालं म्हटलं, मोकळेपणाने झाडता येईल. कपाटं काढली, जाळी काढली, शेवटी माठाची तिवई. माठाखालच्या ओल्या वाळूत एक छोटी बाटली रुतलेली, होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढी. आत राखाडी राड. चिठ्ठी नाही, काही नाही. कुणा पोराने खोडसाळपणा केला म्हणून मी मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या, ब्रशने बाटली खरवडली, गरम पाण्याने धुतली आणि उलटी करून फळीवर ठेवली. चकाचक.

संध्याकाळी मी कुलूप लावतेय तर सर स्टेशनवरून थेट आले. चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, तू रजेवर होतीस, तुला सांगायचंच राहून गेलं. आणि व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगायला लागले. काठीच्या त्या मुलीने गाळ पाठवला होता. बर्फातल्या तळ्याच्या तळातून नळी घालून काढलेला, माणसाने शेती शिकायच्या आधीचा. त्यातले डायाटम सरांनी ओळखायचे, मोजायचे, आणि तिच्या शोधनिबंधावर तिच्या नावाशेजारी सरांचं नाव येणार. आयुष्यभर हा माणूस उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्यांवर डायाटमची चित्रं काढत आला, आणि छापील असं त्यांचं नाव निवडणूक ड्यूटीच्या यादीत तेवढं आलेलं. "एक थेंब पाहिला मी," म्हणाले, "नुसत्या रिकाम्या डब्या. आत जीव नाही. पण नक्षी जशीच्या तशी." मग हळूच म्हणाले, "फ्रिजचा भरवसा नाही, लाइट जाते. माठाखालच्या वाळूत ठेवलीय. उद्या दाखवतो."

माझ्या हातातलं कुलूप खाली पडलं. सरांनी ते उचलून लावलं आणि गाडी गाठायला निघून गेले. मी तिथेच पायरीवर बसले.

तेव्हाच सांगायचं होतं. मला कळत होतं. पण नव्या वर्षात लगेच माझा कायम होण्याचा प्रस्ताव वर जाणार होता. नवरा सहा महिने गुजरातमध्ये ऊसतोडीला, दोन पोरी शाळेत, आणि पगारपत्रकावर माझं नाव दर जूनला नव्याने चढायचं, कधी चढायचंही नाही. हजारो वर्षांची माती मी मोरीत सोडली, हे कोणत्या तोंडाने सांगणार. उजाडताच जांभूळडोहावर गेले. भिंती सारवायला आम्ही काठाची राखाडी माती आणतो, तोच रंग. पाण्याखालची जरा मऊ बघून बाटलीत भरली आणि सर यायच्या आत वाळूत रोवली. माझा हिशेब साधा होता. गाळ म्हणजे गाळ.

सरांनी बाटली काढून मला दाखवली. चिठ्ठी नाही म्हणून जरा हळहळले. "वाळूनं खाल्ली," म्हणाले. "राहू दे, मोजून झालं की लावू." परत ठेवून दिली. मी श्वास सोडला.

नाताळची सुट्टी झाली. जानेवारीत, गुरुवार होता, सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले. मी फरशी पुसत होते. त्यांनी काचपट्टी काढली, परत लावली. मग म्हणाले, "इकडे ये. हाई देख."

मी वाकून पाहिलं. सोनेरी, तपकिरी, होडीसारख्या बारीक बारीक डब्या. आणि त्या चालत होत्या. एक सरळ गेली, थांबली, मागे आली. माझ्या अंगावर काटा आला. मातीत असं काही राहतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. भिंतीला आम्ही लावतो त्या मातीत.

"हाली ऱ्हायनं," सर म्हणाले. "मरेल माटी शे ना ती?" म्हणजे, मेलेली माती ना ती, मग हलतेय कशी.

सर सूक्ष्मदर्शकाकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. अगदी शांतपणे म्हणाले, "बर्फात झोपलेलं आपल्याकडच्या उबेनं जागं झालं असेल का, पोरी? असं होतं कधीकधी म्हणतात." मला वाटलं, त्यांचा विश्वास बसला. मला वाटलं, आता हे जगभर कळवणार आणि जग हसणार यांच्यावर. तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, "सोमवारपावत कोनले सांगू नको. खाले बसू दे."

सोमवारपर्यंत मला घास गेला नाही. आईला सांगावं तर ती म्हणणार, धुतलंस ते बरोबर, लपवलंस ते चूक, जा आणि सांग. म्हणून तिलाही सांगितलं नाही.

सोमवारी सर आले, टेबलापाशी थांबले. "काही सांगानं शे का?"

"काही नाही, सर."

मान डोलावली. बाटली काढली, झाकणाला मेण लावलं, एक चिठ्ठी लिहून चिकटवली आणि स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली. चिठ्ठीवर काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाहायची छातीच झाली नाही. त्याच दुपारी त्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मोरीपाशी होते. सर तिला म्हणाले, "माझे डोळे आता राहिले नाहीत गं. दुसऱ्या कुणाकडून करून घे." ती बराच वेळ काही बोलत असावी. सर नुसते हूं हूं करत होते. स्टेशनच्या पुलावरून समोरच्या गाडीचा बोर्ड वाचणारा माणूस, आणि म्हणे डोळे राहिले नाहीत. मी थक्क झाले. आणि खरं सांगते, लाज सोडून सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. वेडा माणूस, आलं मनात आणि सोडून दिलं, असं मी स्वतःला समजावलं.

मार्चमध्ये मी कायम झाले. ऑफिसातला कारकून पेढे मागायला आला तेव्हा हसत सांगत होता, "तुन्हा अहवाल सरनी आठ दिन दाबी ठेवा. सगळं भरी टाकं, सचोटीना एकच रकाना सोडी दिना. मी इचारं तं म्हने, खाले बसू दे." शेवटच्या दिवशी भरला म्हणे. काय भरलं, मी विचारलं. "निःसंशय," तो म्हणाला. मीही हसले त्याच्याबरोबर.

नंतर सगळं सुरळीत झालं. मी प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू दर शनिवारी पुसते, कुणीही येऊन बोट फिरवून बघावं. फक्त ती एक बाटली सोडून. अकरा वर्षं मी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तिच्यावर धुळीचा थर साचत गेला आणि मी खालची फळी पुसून पुढे जात राहिले.

गेल्या दिवाळीनंतर सर गेले. झोपेतच गेले. त्याच्या आदल्या सोमवारी ते आले होते, आणि मी म्हटलं होतं, काही नाही, सर.

मागच्या आठवड्यात काठीची ती मुलगी आली. मुलगी कसली, आता चष्मा लागलाय, केसांत पांढरं दिसायला लागलंय. सरांच्या घरच्यांनी त्यांच्या वह्या तिच्या हवाली केल्या होत्या आणि बाटल्यांशी ताळमेळ घालायला ती प्रयोगशाळेत बसली. मी चहा आणून ठेवला. तिने एक वही उघडली आणि म्हणाली, "ताई, हे बघा ना, हे काय लिहिलंय सरांनी? मला काही अर्थ लागत नाही."

मी पाहिलं. एका बाजूला सरांच्या हातची होड्यांची चित्रं, तीच, जानेवारीतली. खाली लिहिलं होतं. ते मी जसंच्या तसं सांगते, कारण ते आता मला पाठ झालंय. "पहिल्याच थेंबात कळलं. सगळे जांभूळडोहातले. जिवंत. उत्तरेकडचा गाळ गेला. बाई घाबरलेली आहे, तिच्या नोकरीचं चालू आहे. मी विचारलं तर खोटं बोलेल, मग ते खोटं तिला जन्मभर वागवावं लागेल. आपण होऊन सांगेल. सोमवारपासून संधी देतो."

आणि पलीकडच्या पानावर तारखा. नुसत्या तारखा, एकाखाली एक, सगळे सोमवार. प्रत्येकापुढे एक शब्द. नाही. नाही. नाही. पान उलटलं, तेच. त्याच्या पुढचं पान, तेच. शाई बदलली, अक्षर थरथरायला लागलं, शब्द तोच.

ती सवय नव्हती. अकरा वर्षं मी ज्याला सरांचा विक्षिप्तपणा समजत होते, ज्याची मी मुलांबरोबर नक्कल केली, ते माझ्यासाठी होतं. पोस्टात काम नव्हतं. तो म्हातारा माणूस दर आठवड्याला पॅसेंजरने एक वाक्य विचारायला यायचा.

"ताई?" ती म्हणाली.

"ती बाटली मी धुतली," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. मोरी, डोह, वाळू, सगळं. चहा निवायला लागतो तेवढाही वेळ सांगायला लागला नाही.

तिने कप बाजूला सारला. चष्मा काढून हातात धरून बसली. मग म्हणाली, "माझ्याकडे आणखी होता तो गाळ, ताई. भरपूर होता. मी फोनवर म्हणालेसुद्धा, दुसरी बाटली पाठवू का. पुढच्या टपालाने मिळाली असती."

"मग?"

"म्हणाले, नको. मी खूप आग्रह केला. पहिलीचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, डोळे गेले." तिने वहीकडे पाहिलं. "दुसरी मागितली असती तर पहिलीचं काय झालं ते सांगावं लागलं असतं ना त्यांना."

मला रडायला आलं नाही. नुसतं बधिर वाटत होतं. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि बाटली खाली काढली. ओढणीच्या टोकाने पुसली. अकरा वर्षांची धूळ, दोनदा पुसावी लागली. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण सरांचं अक्षर ठसठशीत होतं. ठिकाण: जांभूळडोह. तारीख: ज्या सकाळी मी डोहावर गेले, अचूक तीच. आणणाऱ्याचं नाव: आणि पुढे जागा रिकामी. चांगली ऐसपैस सोडलेली, वडिलांच्या नावासकट मावेल एवढी.

मी तिच्याकडे पेन मागितलं आणि माझं नाव लिहिलं.